रॉड-आकाराच्या जिवाणूंचा आकार: मोजायचा कसा, मोडायचा कसा, निकाल वाचायचा कसा

‘अमुक रसायनामुळे जिवाणूचा आकार बदलला’ हे वाक्य मुंबईतल्या टीवाय आणि एमएस्सीच्या प्रोजेक्ट रिपोर्टांत दर वर्षी येतं. पुरावा म्हणून ग्रॅम स्टेनने रंगवलेल्या पेशींचे दोन फोटो असतात. एकात रॉड लांब, दुसऱ्यात आखूड. बहुतेक वेळा आकाराला काहीही झालेलं नसतं. एक कल्चर (माध्यमात वाढवलेले जिवाणू) ताजं असतं, दुसरं रात्रभर शिळं, आणि वर दोन्ही स्लाइड ज्योतीवर भाजलेल्या.

हा लेख त्यासाठी. ई. कोलाय आणि बॅसिलस सबटिलिस या दोन निरुपद्रवी जिवाणूंवर कॉलेजच्या साध्या सामग्रीत करता येईल अशी पद्धत खाली क्रमाने दिली आहे. क्रम बदलू नका. चुका बहुतेक क्रमातच होतात.

## १. मायक्रोस्कोपला हात लावण्याआधी: लांबी वेगळी, रुंदी वेगळी

रॉडचा आकार टिकतो तो पेशीभित्तीमुळे. पेप्टिडोग्लायकन म्हणजे साखरेच्या साखळ्या आणि त्यांना एकमेकींशी बांधणारे पेप्टाइडचे छोटे दुवे. या जाळीची एक अखंड पिशवी पेशीभोवती असते. ई. कोलायची पेशी एसडीएस या साबणासारख्या रसायनात उकळून बाकी सगळं विरघळवलं तरी ही रिकामी पिशवी रॉडच्याच आकारात उरते. पण पिशवी स्वतःहून रॉड होत नाही. वाढताना नवा माल कुठे आणि कोणत्या दिशेने विणला जातो, त्यावर आकार ठरतो. हे विणकाम दोन वेगळ्या टोळ्या करतात.

पहिली टोळी रॉडच्या अंगाला विणते. तिच्यात एमआरईबी हे आपल्या स्नायूंतल्या ॲक्टिनच्या नात्यातलं प्रथिन, रॉडए हे साखळ्या बनवणारं एन्झाइम आणि पीबीपी-२ हे त्या साखळ्या बांधणारं एन्झाइम असतं (पीबीपी म्हणजे पेनिसिलिन ज्यांना चिकटतं अशी प्रथिनं). एमआरईबीचे छोटे तंतू पटलाला आतून चिकटतात आणि पेशीच्या घेराच्या दिशेने फिरतात. विणकाम थांबवलं की हे फिरणंही थांबतं. २०११ मध्ये वेगवेगळ्या गटांनी हे दाखवलं. तंतू घेराच्याच दिशेने का बसतात? त्या दिशेला पटलाची वक्रता सर्वांत जास्त असते म्हणून. आणि घेराला बळकटी लागतेच: आतल्या दाबाने भित्तीवर येणारा ताण घेराच्या दिशेने लांबीच्या दिशेपेक्षा दुप्पट असतो. लाकडी पिंपाला लोखंडी पट्ट्या आडव्या का ठोकतात, त्याचं गणितही हेच.

दुसरी टोळी मध्यावर आडवी भिंत घालून पेशीचे दोन भाग करते. तिचा मुकादम एफटीएसझेड हे प्रथिन, आणि ई. कोलायमध्ये भिंत विणणारा मुख्य कारागीर पीबीपी-३.

म्हणून नियम साधा. विभाजन अडलं की लांबी वाढते, रुंदी जवळपास तशीच राहते. अंगाचं विणकाम अडलं की रुंदी वाढते आणि रॉड गोलाकडे झुकतो. ‘आकार बदलला’ म्हणणाऱ्याने यातलं कोणतं माप बदललं, हे सांगितलंच पाहिजे. नुसतं लांबी भागिले रुंदी हे गुणोत्तर दिलं तर दोन्ही गोष्टी एकाच आकड्यात गाडल्या जातात.

## २. जिवाणू आणि सामान

ई. कोलायचा के-१२ जातीचा, प्लाझ्मिड (मुख्य डीएनएखेरीज वेगळं, डीएनएचं छोटं वर्तुळ) नसलेला स्ट्रेन घ्या. पुण्याच्या एनसीआयएमसारख्या सूक्ष्मजीव-संग्रहातून कॉलेजमार्फत मागवता येतो. नाल्याच्या किंवा चौपाटीच्या पाण्यातून ‘आयसोलेट’ केलेला जिवाणू या कामाला नको: तो कोण, त्याच्यात कोणते रोधक जनुक, काहीच ठाऊक नसतं. फ्रिजमधल्या क्लोनिंगच्या स्ट्रेनमध्ये ॲम्पिसिलिन-रोधक प्लाझ्मिड असेल तर तोही बाजूला ठेवा; पुढची औषधं, सेफॅलेक्सिन आणि मेसिलिनॅम, ॲम्पिसिलिनच्याच कुळातली आहेत.

बाकी सामान: एलबी ब्रॉथ (जिवाणू वाढवायचं पोषक द्रावण, पुढे नुसतं एलबी), ॲगरोज (साधं अगार नव्हे, ते गढूळ असतं), स्टेज मायक्रोमीटर, १०० एक्सचं ऑइल ऑब्जेक्टिव्ह, कॅमेरा किंवा अडॅप्टरवर बसणारा फोन, सेफॅलेक्सिनची शुद्ध पावडर, लायसोझाइम (पेशीभित्ती कापणारं एन्झाइम), सुक्रोज, मॅग्नेशियम क्लोराइड, मॅलिएट (मॅलेइक आम्लाचा) बफर. मेसिलिनॅम मिळालं तर उत्तम. केमिस्टकडची कॅप्सूल फोडून वापरू नका. तिच्यातल्या भुकटीत औषधाखेरीज इतर मालही असतो आणि मात्रा मोजता येत नाही.

सावधान: पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्याने सेफॅलेक्सिन किंवा मेसिलिनॅमची पावडर तोलू नये. हे काम गटातल्या दुसऱ्याला द्या.

पावसाळ्यात आणखी एक काम वाढतं. जून ते सप्टेंबर मुंबईच्या दमटपणात ऑब्जेक्टिव्हच्या काचेवर बुरशी धरते आणि सगळी पेशी पुसट दिसू लागते. ऑब्जेक्टिव्ह सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. ‘फोकस लागत नाही’ या तक्रारीचं मूळ अनेकदा इथे असतं.

## ३. कल्चर तयार करणे: सर्वांत जास्त चुका याच टप्प्यात

रात्रभराच्या कल्चरमधल्या पेशी उपाशी असतात. त्या आखूड होतात, काही तर जवळपास अंडाकृती दिसतात. त्याच पेशी ताज्या माध्यमात गेल्या की लांब आणि जाड होतात. माध्यम जितकं सकस आणि वाढ जितकी वेगवान, तितकी पेशी मोठी. हे १९५८ पासून ठाऊक आहे. त्यामुळे ‘कंट्रोल’ आणि ‘टेस्ट’ वाढीच्या एकाच अवस्थेत नसतील तर पुढचं सगळं व्यर्थ.

१. आदल्या संध्याकाळी ५ मिली एलबीमध्ये एकाच वसाहतीतून कल्चर लावा. ३७ अंश, शेकर चालू.

२. सकाळी ते १०० पट पातळ करा. एलबी आधीच ३७ अंशांवर आणून ठेवा. फ्रिजमधलं थंड ओतू नका.

३. ओडी, म्हणजे कल्चरचा गढूळपणा (६०० नॅनोमीटरला मोजलेला), ०.२ च्या आसपास आली की पुन्हा १० पट पातळ करा आणि पुन्हा ०.२ पर्यंत वाढू द्या. ही दुसरी फेरी लोक गाळतात. ती शिळ्या अवस्थेची उरलीसुरली खूण पुसण्यासाठी आहे.

४. एलबीमध्ये ओडी ०.३ च्या पुढे जाऊ देऊ नका. त्यानंतर वाढीचा वेग उतरतो आणि पेशी लहान व्हायला लागतात, कल्चर अजून ‘लॉग फेज’मध्ये (ठरावीक वेळात दुप्पट होत जाण्याच्या अवस्थेत) आहे असं आलेखावर दिसत असलं तरी.

३७ अंशांवर एलबीमध्ये ई. कोलाय साधारण २० ते २५ मिनिटांत दुप्पट होतो. दोन्ही फेऱ्या धरून तीन-साडेतीन तास जातात. अकराला पोचून कल्चर लावलं तर मोजायला दुपारचे अडीच होतात, आणि पाचनंतरच्या गर्दीच्या आधी लोकल गाठायची म्हणून मग शिळ्याच कल्चरची स्लाइड बनते. शक्य असेल तर पहिली फेरी सकाळी लवकर येणाऱ्याकडे सोपवा.

तपासणी: दर १५ मिनिटांनी ओडी घेऊन लॉग कागदावर मांडा. शेवटचे चार बिंदू सरळ रेषेत नसतील तर स्लाइड करू नका.

## ४. मायक्रोस्कोपचं माप लावणे

स्टेज मायक्रोमीटरवर १ मिलिमीटरचे १०० भाग असतात, म्हणजे एक भाग १० मायक्रॉन. आयपीसमधल्या पट्टीचे किती भाग स्टेजच्या किती भागांवर बसतात ते बघा. आयपीसचे ५० भाग जर स्टेजच्या ५ भागांवर बसले, तर आयपीसचा एक भाग १ मायक्रॉन. फोटोवरून मोजणार असाल तर हेच काम कॅमेऱ्याने करा आणि एका पिक्सेलला किती मायक्रॉन ते काढा. फोनवर झूम बदलला की हा आकडा बदलतो. झूम एकदा ठरवून चिकटपट्टी लावा, म्हणजे शब्दशः अडॅप्टरवर चिकटपट्टी.

इथे मर्यादा समजून घ्या. हिरव्या प्रकाशात, १.२५ एनएच्या (एनए म्हणजे भिंगाची प्रकाश गोळा करायची क्षमता) ऑब्जेक्टिव्हने साधारण ०.२२ मायक्रॉनपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. ई. कोलायची रुंदी १ मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे कडेच्या पुसटपणातच मोठा हिस्सा जातो. तुमची रुंदी खरी ‘अमुक मायक्रॉन’ आहे असा दावा करू नका. एकाच सेटिंगवर घेतलेल्या दोन नमुन्यांची तुलना मात्र बेलाशक करा.

कॉन्ट्रास्ट वाढवण्यासाठी कंडेन्सरचं डायाफ्राम पूर्ण बंद करायची सवय अनेकांना असते. पेशी ठसठशीत दिसते खरी, पण कड जाड होते आणि रुंदी फुगते. थोडं मिटवा, आणि सगळ्या स्लाइडसाठी तेवढंच ठेवा.

## ५. स्लाइड: भाजू नका, वाळवू नका

ज्योतीवर फिक्स केलेली पेशी आक्रसते. निगेटिव्ह स्टेनमध्ये (यात पेशी नव्हे, पार्श्वभूमी रंगवतात) भाजणं टळतं, पण वाळण्याने आकसणं राहतंच. आकार मोजायचा असेल तर पेशी जिवंत आणि ओली हवी.

१. ज्या माध्यमात कल्चर वाढवलं त्याच माध्यमात १.५ टक्के ॲगरोज उकळून घ्या. पाण्यात नको. पाण्यात बनवलेल्या पॅडवर (ॲगरोजच्या पातळ थरावर) ठेवल्यावर पेशीत पाणी शिरतं, ती क्षणभर फुगते, आणि तुम्ही तेच मोजता.

२. एका स्लाइडवर दोन्ही बाजूंना टेपचे दोन थर लावा, मध्ये गरम ॲगरोज ओता, वरून दुसरी स्लाइड दाबा. थंड झाल्यावर वरची स्लाइड सरकवून काढा.

३. ब्लेडने नखाएवढा चौकोन कापा. त्यावर १ ते २ मायक्रोलिटर कल्चर ठेवा. थेंब शोषला जाईपर्यंत थांबा. साधारण एक-दोन मिनिटं. तो चमकायचा थांबला की कव्हरस्लिप ठेवा.

४. कडा व्हॅसलिनने बंद करा. नेलपॉलिश नको, त्यातलं द्रावक पेशींपर्यंत पोचतं.

मायक्रोस्कोपची खोली एसी आणि बाहेर पावसाळी पॅसेज, अशी रचना असेल तर गार काच बाहेर नेताच तिच्यावर दव धरतं. स्लाइड आणि पॅड त्याच खोलीत तयार करा. एसीत पॅड मात्र लवकर सुकतो, तेव्हा पाच-सहा पॅड एकदम कापून ठेवायची घाई नको.

तपासणी: पेशी सगळ्या एका पातळीत सपाट पडलेल्या दिसल्या पाहिजेत. काही उभ्या, काही तिरक्या असतील तर थेंब पुरता शोषला गेलेला नाही. तिरकी पेशी आखूड दिसते.

## ६. मोजणी

फिजी किंवा इमेज-जे हे मोफत सॉफ्टवेअर पुरे आहे. प्रत्येक नमुन्यात किमान १०० पेशी घ्या, दोनशे झाल्या तर बरं. प्रत्येक पेशीची लांबी आणि तिचं क्षेत्रफळ मोजा. रुंदी काढण्यासाठी पेशीच्या आडवी एकच रेघ मारण्यापेक्षा क्षेत्रफळ वापरा, कारण एका रेघेत हाताचा कंप येतो. टोकं अर्धगोल धरली तर क्षेत्रफळ = (लांबी × रुंदी) − ०.२१५ × रुंदीचा वर्ग. लांबी ३ आणि क्षेत्रफळ २.७८५ असेल तर रुंदी बरोबर १ येते. हे उदाहरण आधी स्वतः सोडवून बघा, मग एक्सेलमध्ये सूत्र घाला.

तीन सापळे.

फोटोच्या चौकटीला टेकलेल्या पेशी वगळायचा रिवाज आहे. साध्या नमुन्यात तो ठीक. पण लांबलचक पेशी चौकटीला टेकण्याची शक्यताच जास्त, म्हणून त्या वगळल्या की नेमका तुम्हाला हवा तो परिणाम गायब होतो. अशा वेळी शेजारशेजारचे फोटो जोडून मोठं क्षेत्र घ्या.

दुसरा सापळा बॅसिलसचा. वाढीच्या भरात त्याच्या पेशी विभागल्यावरही एकमेकींना चिकटून साखळी करतात, आणि मधली भिंत साध्या प्रकाशात दिसत नाही. पंधरा मायक्रॉनची ‘पेशी’ म्हणजे चार-पाच पेशींची साखळी असू शकते. पटल रंगवणारा फ्लुओरोसंट रंग नसेल तर बॅसिलसच्या लांबीवर निष्कर्ष काढू नका, रुंदीवर काढा.

तिसरा: सरासरी एकटी देऊ नका. नुकती जन्मलेली आणि विभागायला आलेली पेशी यांच्या लांबीत दुपटीचा फरक असतो, तो स्वाभाविक आहे. रुंदीत मात्र पेशीपेशींत फारच कमी फरक असतो.

तपासणी: कंट्रोलमध्येच रुंदी १५ टक्क्यांहून जास्त विखुरलेली आली, तर दोष जिवाणूचा नाही, फोकसचा आहे. पुढे जाऊ नका.

## ७. आता आकार मोडा

### ७अ. लांबी: सेफॅलेक्सिन, ई. कोलायवर

टप्पा ३ मधलं ओडी ०.०३ च्या आसपासचं कल्चर दोन फ्लास्कमध्ये वाटा. एकात सेफॅलेक्सिन मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम घाला, दुसऱ्यात तेवढंच पाणी. द्रावण त्याच दिवशी बनवा. ०, ३० आणि ६० मिनिटांना स्लाइड करा. सेफॅलेक्सिन मुख्यतः पीबीपी-३ अडवतं; पेशी वाढत राहते पण मध्ये भिंत घालू शकत नाही. २० मिनिटांची दुपट धरली तर तासाभरात लांबी हिशेबाने आठपट, प्रत्यक्षात थोडी कमी. रुंदी जवळपास जिथल्या तिथे.

तपासणी: पहिल्या तासात दोन्ही फ्लास्कची ओडी जवळपास सारखी चढली पाहिजे, कारण वस्तुमान वाढतच असतं. ओडी पडत असेल तर पेशी फुटताहेत. मात्रा कमी करा. प्लेटवर वसाहती मोजून ‘वाढ थांबली’ असं लिहू नका: कितीही लांब पेशी असली तरी वसाहत एकच देते.

शुद्ध पावडर नसेल तर सेफॅलेक्सिनची डिस्क (औषध मुरवलेली कागदी चकती) चालते. प्लेटवर ‘झोन’च्या (डिस्कभोवती वाढ नसलेल्या वर्तुळाच्या) अगदी कडेचा, विरळ वाढीचा भाग सुईने उचला आणि माध्यमाच्या थेंबात बघा. तिथे औषध मारायला अपुरं आणि विभाजन अडवायला पुरेसं असतं, म्हणून लांब पेशी सापडतात. हे दाखवण्यापुरतं ठीक, मोजणीसाठी नाही.

### ७आ. रुंदी: मेसिलिनॅम, ई. कोलायवर

मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅमच्या आसपास. मेसिलिनॅम पीबीपी-२ ला पकडतं, म्हणजे पहिल्या टोळीला. एक-दोन दुपटींनंतर पेशी मध्ये फुगलेल्या दिसतात, मग गोल. कल्चर दाट होऊ देऊ नका, कोमट एलबीने पातळ करत राहा. सकस माध्यमात या गोल पेशी फार काळ तग धरत नाहीत, तेव्हा दोन तासांच्या आत मोजून मोकळे व्हा.

ही दोन औषधं बॅसिलसवर लावून तेच निकाल येतील असं धरू नका. त्याचे पीबीपी वेगळे आहेत, नावांचे आकडे सारखे असले तरी. पीबीपी-२ म्हणजे सगळीकडे तेच एन्झाइम नव्हे.

### ७इ. भित्तीच काढून टाकणे: लायसोझाइम, बॅसिलसवर

ई. कोलायला बाहेरचं आणखी एक पटल असतं. लायसोझाइम ते ओलांडत नाही, ते सैल करायला ईडीटीए हे रसायन लागतं. बॅसिलसवर काम सोपं.

१. बफर: १०० मिलीमध्ये सुक्रोज १७.१ ग्रॅम (०.५ मोलर), मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट ०.४१ ग्रॅम (२० मिलीमोलर), मॅलिएट २० मिलीमोलर, पीएच ६.५.

२. ओडी ०.५ चं कल्चर हळुवार सेंट्रिफ्यूज करा, गाळ या बफरमध्ये सोडा, लायसोझाइम मिलिलिटरला १ मिलिग्रॅम घाला.

३. ३७ अंशांवर ठेवा, जोरात हलवू नका. १५, ३० आणि ४५ मिनिटांना एक थेंब काढून बघा. पॅड नको, साध्या स्लाइडवर त्याच बफरमध्ये.

इथे डोळा लावून बसण्यासारखं आहे. आधी रॉड नेहमीसारखाच दिसतो. मग टोकाशी किंवा मध्ये कुठेतरी एक फुगवटा बाहेर येतो, पेशीतला ऐवज त्यात सरकतो, आणि काही वेळाने रॉडच्या जागी गोल गरगरीत प्रोटोप्लास्ट, म्हणजे भित्ती नसलेली पेशी, तरंगत असतो. आता कव्हरस्लिपच्या एका कडेला डिस्टिल्ड पाण्याचा थेंब ठेवा, समोरच्या कडेला फिल्टर पेपर टेकवा. पाणी पुढे सरकतं तसे एकेक गोळे फिके पडून नाहीसे होतात. सुक्रोज काढून घेतल्यावर आतला दाब धरायला कोणी उरलं नाही.

मॅग्नेशियम वगळू नका आणि मध्येच बदलूही नका. एमआरईबी नसलेले बॅसिलसचे म्युटंट (जनुक बदललेले स्ट्रेन) भरपूर मॅग्नेशियममध्ये बऱ्यापैकी रॉडसारखे वाढतात. इतका हा आयन आकाराच्या बाबतीत लुडबुड करतो. नळाच्या पाण्याने माध्यम बनवायची खोड असेल तर ती इथे भोवेल.

## ८. आकार परत येतो का

सेफॅलेक्सिनवाल्या पेशी ६० मिनिटांनी सेंट्रिफ्यूज करून औषध धुऊन काढा आणि कोमट एलबीमध्ये सोडा. लांब पेशी नाजूक असतात, पिपेटचं टोक कापून रुंद करा. विभाजन पुन्हा सुरू झालं की लांबी उतरू लागते. दर २० मिनिटांनी मोजा. रुंदी या सगळ्या काळात हलली नाही, हा तुमचा सर्वांत बळकट आकडा. तक्त्यात तो आधी द्या.

प्रोटोप्लास्टकडून मात्र ही अपेक्षा नको. लायसोझाइम धुतलं म्हणून बॅसिलसचा गोळा लगेच रॉड होत नाही. त्याला भित्ती पुन्हा उभारायला खास माध्यम आणि वेळ लागतो. जुन्या भित्तीचे तुकडे शिल्लक असलेले ई. कोलायचे गोळे काही पिढ्यांनंतर रॉडवर येतात. उशीर लागतो कारण एमआरईबीच्या तंतूंना घेर ओळखायला वक्रतेतला फरक लागतो, आणि गोळ्यावर सगळ्या दिशा सारख्याच.

## ९. रिपोर्टमध्ये काय लिहायचं, काय नाही

लांबी वाढली एवढ्यावरून ‘पीबीपी-३ अडलं’ असं लिहू नका. डीएनएला इजा झाली की ई. कोलाय स्वतःच एसयूएलए नावाचं प्रथिन बनवून एफटीएसझेडला रोखतो आणि लांब होतो. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा अतिनील किरणांनी असंच दिसेल. रुंदी वाढली तर ‘पहिल्या टोळीच्या कामात अडथळा असू शकतो’ इथपर्यंत जा. थेट एमआरईबीचं नाव घ्यायला फ्लुओरोसंट खूण किंवा म्युटंट लागतो.

मुंबईत व्हायवाला क्षयाच्या जिवाणूचा प्रश्न हमखास येतो: तोही रॉड, मग हेच लागू? नाही. मायकोबॅक्टेरियात एमआरईबी नाही. ते टोकांकडून वाढतात, आणि टोकाशी विणकाम बसवण्याचं काम डीआयव्हीआयव्हीए कुळातलं प्रथिन करतं. रॉड दिसला म्हणून यंत्रणा तीच असं धरता येत नाही.

मेथड्समध्ये एवढं नक्की द्या: स्ट्रेन, माध्यम, तापमान, स्लाइड करतेवेळची ओडी, औषधाची मात्रा आणि मिनिटं, पॅड कशाचा, ऑब्जेक्टिव्हचं एनए, पिक्सेलचं माप, प्रत्येक नमुन्यातल्या पेशींची संख्या, आणि वेगवेगळ्या दिवशी प्रयोग किती वेळा केला. एकाच फ्लास्कमधल्या दोनशे पेशी म्हणजे दोनशे प्रयोग नव्हेत. तो एकच प्रयोग.

सगळी कल्चरं, पॅड आणि स्लाइड १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाखाली २० मिनिटं ऑटोक्लेव्ह करूनच टाका.